कुलपाची चिंधी

अकरावीला मी इंग्रजी साहित्य घेतलं तेव्हा आमची वस्ती आठवडाभर हसत होती. इंग्रजी म्हणजे पोरं ज्यात नापास होतात तो विषय, आणि ही बया तो दोनदा घेते, एक सक्तीचा आणि एक हौसेचा. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विचारलं की त्यात शिकवतात तरी काय. मी सांगितलं, गोष्टी आणि कविता. त्यांनी डोक्याला हात लावला. गोष्टी ऐकायला कॉलेजात कशाला जावं लागतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मलाही नीट सांगता आलं नाही.

आमची वस्ती शिरूर कासारपासून नऊ किलोमीटरवर. दिवाळी झाली की ती रिकामी होते. माझे आईवडील, शहादेव आणि कौशल्याबाई, दरवर्षी ऊस तोडायला जातात. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यामुळे पोराचं लग्न जमवताना लोक मुलगी बघतात तसा कोयताही बघतात. माझ्यासाठी रामेश्वर नावाच्या एका पोराच्या घरून निरोप आलाच होता. पोरगा वाईट नव्हता, हे मला कबूल आहे. पण मला कोयता व्हायचं नव्हतं. लई भांडून मी नानांकडून एक वचन काढलं. बारावीला साहित्यात ऐंशीच्या वर मार्क पडले तर बीडला बीएला जायचं. नाही पडले तर दिवाळीनंतर हळद आणि मग ऊसतोडीची ट्रॉली. नाना शब्दाचे पक्के, दोन्ही बाजूंनी पक्के.

हा विषय कॉलेजात सुरू केला तो विजयसिंह सरांनी. एकाच आडनावाचे दोन सर होते म्हणून आम्ही त्यांना नावाने ओळखायचो. उंच, स्वच्छ शर्ट, खिशाला लाल आणि निळा असे दोन पेन. एकतीस पोरं गोळा करायला ते घरोघर फिरले होते. माझ्या वर्गातल्या फिरोजच्या वडिलांच्या गॅरेजात टायरवर बसून त्यांनी त्यांना साहित्याचं महत्त्व पटवलं होतं. माझी मैत्रीण हुस्ना हिचे अब्बा जलालुद्दीनचाचा फळं विकतात. सरांनी त्यांच्याकडून दोन डझन केळी घेतली आणि पोरगी वर्गात घेतली, असं चाचा स्वतःच सांगायचे. निकाल चांगला लागला नाही तर विषय बंद होणार होता. हे सरांनी आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतं की पहिल्या दिवसापासून आम्ही साहित्य जगवायला बसलोय असं वाटायचं.

पुस्तकात एक बारा ओळींची कविता होती. एक बाई घराला कुलूप लावून डोंगर उतरते. अर्ध्या वाटेवरून परत येते, कुलूप ओढून बघते, पुन्हा उतरते, पुन्हा परत येते. कविता तिथेच संपते. खाली नेहमीचा प्रश्न, या कवितेचं स्वतःच्या शब्दांत रसग्रहण करा. सहा मार्कांचा.

आता स्वतःच्या शब्दांत याचा आमच्या भागात एक ठरलेला अर्थ आहे. सर फळ्यावर किंवा तोंडी उत्तर देतात, आपण ते वहीत उतरवतो, पाठ करतो आणि पेपरात स्वल्पविरामासकट ओततो. ते झाले आपले शब्द. याला कोणी लबाडी म्हणत नाही, अभ्यास म्हणतात. मीही दहावीपर्यंत तेच केलं होतं. पण ही कविता वाचली आणि मला मायच दिसली. डिसेंबर होता, माय आणि नाना तोडीवर होते, मी शिरूरच्या मुलींच्या वसतिगृहात. दोन दिवस डिक्शनरी घेऊन बसले आणि जसं येईल तसं इंग्रजीत लिहिलं.

मी लिहिलं की माझी आई ऊस तोडायला निघताना घराच्या कुलपाला तेलात भिजवलेली चिंधी बांधते. धूळ जाऊ नये, कुलूप गंजू नये, सहा महिन्यांनी किल्ली फिरावी म्हणून. आमच्या घरात चोरण्यासारखं काही नाही. कुलूप चोरासाठी असतं, चिंधी मात्र परत येणाऱ्यासाठी असते. कवितेतली बाई परत येते ती चोराच्या भीतीने नाही, आपण परत येऊ की नाही या भीतीने येते. असं दीड पान.

सरांनी ते माझ्यासमोर उभ्यानेच वाचलं. मग बसले आणि पुन्हा वाचलं. लाल पेनने खाली एवढंच लिहिलं की हे तुझं स्वतःचं आहे. म्हणाले, एकवीस वर्षं शिकवतोय, मला असं लिहिता येणार नाही. मला आतापर्यंत कोणी इतकं मोठं काही दिलं नव्हतं. मी नाही म्हटलं तरी आठवडाभर हवेत होते. वही त्यांनी ठेवून घेतली, निवांत बघतो म्हणाले. मी आनंदाने दिली. मागितली असती तर किडनीही दिली असती.

जानेवारीत उसाच्या फडावर मायच्या हातावर कोयता बसला. दोन बोटं चिरली. मी पंधरा दिवस तिकडे गेले, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, स्वयंपाक केला, तिच्या वाट्याची मोळी बांधली. परत आले तेव्हा हुस्नाने तिच्या इतिहासाच्या आणि राज्यशास्त्राच्या वह्या उतरवायला दिल्या. साहित्याची वही मागितली तर म्हणाली, त्यात नवीन काही झालं नाही, तुझं तर सगळं तयारच हाय की. तिने माझ्याकडे न बघता म्हटलं. मला वाटलं हिला घाई आहे.

मार्चमध्ये पेपर झाला. तीच कविता आली. मी वर बघून हसले असेन, कारण पर्यवेक्षकाने माझ्या बाकाखाली वाकून पाहिलं. मी माझं उत्तर लिहिलं. आठवून लिहिलं नाही, ते मला पाठ करायची गरजच नव्हती, पण मनात इतक्यांदा घोळलं होतं की शब्द न् शब्द तोच उतरला. बाहेर येऊन नानांना फोन केला, बीडची तयारी करा.

मेमध्ये निकाल लागला आणि आमच्या एकतीस जणांच्या नावापुढे निकाल राखीव असं आलं. कॉलेजात बोर्डाचं पत्र आलं होतं. इंग्रजी साहित्याच्या पेपरात एकतीस उत्तरपत्रिकांमध्ये एका प्रश्नाचं उत्तर अक्षरशः सारखं आहे, सामूहिक कॉपीचा संशय आहे, तरी विद्यार्थ्यांनी पालकांसह सुनावणीला हजर राहावं.

कोणतं उत्तर, ते फिरोजने सांगितलं. कॉलेजच्या पायरीवर बसून तो वैतागला होता. म्हणाला, त्या चिंधीनं घोळ केला बे. मी विचारलं, कोणती चिंधी. त्याने मला तिथल्या तिथे इंग्रजीत म्हणून दाखवलं, न अडखळता, माझी आई ऊस तोडायला निघताना घराच्या कुलपाला. फिरोजची आई रहेमतबी घरी शिवणकाम करते. तोवर ती गेवराईच्या पुढे कधी गेलेली नव्हती.

मी सरळ हुस्नाच्या घरी गेले. ती आंबे पेटीत भरत होती. तिला काय विचारायचं ते माझ्या तोंडावरच लिहिलं असणार, कारण तिने हातातला आंबा खाली ठेवला. तिने सगळं सांगितलं. मी फडावर होते तेव्हा रविवारच्या जादा तासाला सरांनी ते उत्तर वर्गाला उतरवून दिलं. माझं आहे असं सांगितलं नाही. हुस्नाने ओळखलं, कारण डिसेंबरमध्ये मी तिलाच ते पहिल्यांदा वाचून दाखवलं होतं. तिने तासानंतर सरांना विचारलंही.

"मंग मला कावून न्हाई सांगितलंस?"

"सर म्हणले, दिपालीला बोलू नको, तिला राग यील. आन् कोयतेवाल्याच्या पोरीचं हाय म्हणलं तर पोरं मन लावून पाठ करनार न्हाईत."

"आन् तू?"

"मला बी मार्क पायजे होते, दिपे."

तिने खोटं बोलायला हवं होतं. मला विसर पडला, मी घाबरले, अब्बा रागावले असते, काहीही. पण हुस्ना कधी खोटं बोलत नाही, फक्त गप्प बसते. मला तेव्हा तिचा इतका संताप आला की आंब्याची पेटी उचलून रस्त्यावर फेकावीशी वाटली. फेकली नाही. चाचांचा माल होता.

सर घरी होते. मी पायरीवरच उभी राहिले, आत या म्हणाले तरी गेले नाही. वही मागितली. ते म्हणाले, सापडत नाही बेटा, घर बदललं त्यात कुठे गेली कोण जाणे. घर त्यांनी बदललं नव्हतं, दारातून दिसणाऱ्या बाहेरच्या खोलीचा रंगही तोच होता. मी म्हटलं, सुनावणीत मी खरं सांगणार, ते माझं होतं.

त्यांनी रागावायला हवं होतं, ते रागावले नाहीत. वर्गात अवघड ओळ समजावतात तसं समजावलं.

"खरं सांग, मी अडवणार नाही. पण मग काय होतं बघ. तीस जणांनी दिपालीचं उतरवलं, म्हणजे ती कॉपी. दिपालीने दिलं, म्हणजे तीही कॉपीत सामील. आणि सरांनी वर्गात दिलं, सगळ्यांनी पाठ केलं, तर ते पाठांतर. पाठांतराला कुठेच बंदी नाही. एका वाक्यात एकतीस पोरं सुटतात, तुझ्यासकट."

मग त्यांनी एक जाड रजिस्टर आणून दाखवलं. त्यांच्या सुंदर निळ्या अक्षरात माझं दीड पान. वर तारीख ऑगस्टची. ऑगस्टमध्ये ती कविता शिकवायला सुरुवातही झाली नव्हती. मी तारखेवर बोट ठेवलं. ते म्हणाले, कागदाला तारीख लागते. तारखेखालच्या पहिल्याच ओळीत माझी माय कुलपाला चिंधी बांधत होती, त्यांच्या अक्षरात. सरांची आई मुख्याध्यापिका होती, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं होतं.

मला त्यांचं पटलं, हेच सगळ्यात वाईट. हिशोब बरोबर होता. मी खरं बोलले तर माझे ऐंशी गेले, बीड गेलं, आणि वर हुस्ना, फिरोज आणि बाकीचे अठ्ठावीस माझ्या नावाने बोटं मोडत राहणार. त्या रात्री नानांच्या मोबाइलवर माझ्यासाठी जलालुद्दीनचाचांचा फोन आला. माझ्याशी ते कधी फोनवर बोलले नव्हते. एवढंच म्हणाले की बेटी, पोरींचं शिक्षण एकदा सुटलं की सुटतं, तू जाणतीस. फोन ठेवताना दुवा दिली.

सुनावणीला माझ्याबरोबर माय आली. ऑफिसात गेलं की नानांचं तोंड उघडत नाही, माय मात्र कुठेही बोलते. चार तास एसटीने बोर्डाच्या ऑफिसात गेलो. तिने ठेवणीतलं जुनं हिरवं लुगडं नेसलं होतं, चिरलेली बोटं अजून आखडलेली. वाटेत तिला मी सांगितलं की कागदाचा काही घोळ झालाय, सही केली की मिटतं. बाकी काही सांगितलं नाही. सांगणार काय, तुझी चिंधी चोरीला गेली?

व्हरांड्यात एकतीस पोरं आणि एकतीस पालक रांगेत बसले होते. सर प्रत्येकाजवळ जाऊन खांद्यावर हात ठेवत होते. एकेकाला आत बोलावत होते. फिरोज बाहेर आला तो घाम पुसत. बोर्डाच्या अधिकारी मॅडमने त्याला विचारलं होतं, तुझी आई ऊस तोडायला जाते का. रहेमतबी शेजारीच बसलेली, ती म्हणाली, तौबा. फिरोजने सांगितलं, सरांनी दिलं तसं पाठ केलं मॅडम. मॅडम हसल्या म्हणे. सगळे सुटल्यासारखे हसायला लागले. मी हसले नाही. हुस्ना माझ्या समोर बसली होती, तीही हसली नाही, पण त्याच्याशी मला काही देणंघेणं नव्हतं.

आमचा नंबर आला. टेबलावर माझी उत्तरपत्रिका, शेजारी सरांचं रजिस्टर, ऑगस्टचं पान उघडलेलं. मॅडम पन्नाशीच्या, चष्मा नाकावर, दमलेल्या. त्यांनी माझ्यापुढे छापील जबाब ठेवला. सदर उत्तर मी वर्गात शिक्षकांनी दिलेल्या टिपणांवरून पाठ केले होते, परीक्षेत कोणाचे पाहिले नाही. खाली विद्यार्थ्याची सही, पालकाची सही.

मायने विचारलं, पोरीनं काय लिवलंय ते तरी सांगा बाई, त्याच्यापायी एवढ्या लांब आलो आमी. मॅडमला तिचं बोलणं बरं वाटलं असावं. त्यांनी माझी उत्तरपत्रिका ओढली आणि मराठीत सांगत गेल्या. आई ऊस तोडायला निघताना कुलपाला तेलाची चिंधी बांधते. घरात चोरण्यासारखं काही नाही. कुलूप चोरासाठी, चिंधी परत येणाऱ्यासाठी.

मायचा चेहरा असा झाला की मी कधी पाहिला नव्हता. तिला वाटलं नव्हतं की ती कशात लिहिली जाऊ शकते, आणि तेही इंग्रजीत. तिने आखडलेली बोटं तोंडावर ठेवली. मग हसून मॅडमला म्हणाली, "ही तर माजीच चिंधी हाय. माज्या पोरीनं माजं लिवलंय."

मॅडमने पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. सर दाराजवळ उभे होते, मला त्यांच्या बुटांची हालचाल ऐकू आली. मॅडम म्हणाल्या, हे तू लिहिलंस का? घाई न करता विचारलं. मला आजही वाटतं, त्या बाईला खरं ऐकायचं होतं. बाहेर तीस जण बसले होते. चाचांची दुवा बसली होती. बीड होतं, आणि बीड हुकलं तर रामेश्वर होता.

मी मायकडे बघून म्हणाले, "न्हाई माय. ते सरांनी लिवून दिलतं."

मायने तोंडावरचा हात खाली घेतला. मी सही केली. तिच्यापुढे शाईचं पॅड सरकवलं, तिने अंगठा उठवला आणि शाई लुगड्याच्या आतल्या बाजूला पुसली, बाहेर दिसणार नाही अशी. दारातून जाताना सर मला म्हणाले, शाबास बेटा. त्या दोन शब्दांसाठी मी दोन वर्षं जीव टाकला होता. आता ते कानात कढत तेल ओतल्यासारखे वाटले. परतीच्या एसटीत मायने खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. झोपलेली नव्हती.

जूनमध्ये गुणपत्रिका आली. साहित्यात शहाऐंशी. विषय बंद झाला नाही, शंभर टक्के निकालाबद्दल सरांचा सत्कार झाला. मी गेले नाही. हुस्नाला ब्याऐंशी पडले, ती भेटायला आली तेव्हा मी घरात असून नाही म्हणून सांगितलं. नानांनी शब्द पाळला आणि मी बीडला बीएला गेले. तिथेही वर्गात कोणी काही लिहायला सांगितलं की मी पाठ केलेलंच लिहिते. चांगले मार्क पडतात.

दिवाळीनंतर माय-नानांना निरोप द्यायला वस्तीवर आले. ट्रॅक्टर उभा होता, ट्रॉलीत भांडी, गोधड्या, शेळी चढवून झाली होती. लहानपणापासून एक काम माझं असतं. मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडायची आणि गोडेतेलात भिजवून तिच्या हातात द्यायची. हिरवं लुगडं मधल्या काळात विरलं होतं, त्याचीच पट्टी मी फाडली. तिच्या आतल्या बाजूला शाईचा डाग होता.

मायने दाराला कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं. मी चिंधी पुढे केली. तिने हात पुढे केला नाही.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ती सरांची हाय."

रागाने म्हणाली असती तर मी तिच्या पायावर डोकं ठेवलं असतं. टोमणा मारला असता तरी बरं झालं असतं. तिने साधं म्हटलं, शिकलेल्या पोरीने ऑफिसात सांगितलेलं खरं मानून घ्यावं तसं. तिने ते खरंच मानलंय का, हे विचारायची मला अजून हिंमत झालेली नाही. ती ट्रॉलीत चढली, शेळीचं दावं हातात घेतलं आणि नानांना म्हणाली, चला.

ट्रॅक्टर वळणाआड गेल्यावर मी चिंधी बांधायला लागले. भिजवायचं काम माझं होतं, गाठ कायम मायची. ती गाठ कशी मारते हे मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. तीनदा बांधली, तीनदा सुटून खाली पडली. शेवटी ती तशीच कडीत खोचली, तेलाचे हात ओढणीला पुसले आणि बीडच्या एसटीसाठी रस्त्याकडे निघाले.